वाट पाहण्याचीही व्यवस्था हवी

“मला कॅन्सर झालाय का न्हाई, येवढंच सांगा,” असे माझ्या आत्याने गेल्या वर्षी डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्या खोलीत बसलेल्या आम्हा तिघांपैकी कोणालाही तिला एका शब्दात उत्तर देता आले नाही. कोल्हापूर जिल्ह्यात करवीर तालुक्यातल्या एका गावात जन्मभर शेती केलेली ही बाई, वय बहात्तर. थकवा येतो म्हणून रक्त तपासले, त्यात प्रथिनांचा आकडा थोडा वर दिसला, म्हणून पुढची तपासणी झाली आणि तिच्या कागदावर ‘एम बँड आढळला’ अशी एक ओळ आली. पहिल्या दवाखान्यात त्या ओळीचा अर्थ ‘ही कॅन्सरची पहिली पायरी’ एवढाच सांगितला गेला. घरी आल्यावर आत्याने आठ दिवसांत अंगावरचे सोन्याचे डाग दोन्ही सुनांना वाटून टाकले, शेताची वाटणी दिवाळीच्या आत करून घ्या असा मुलांमागे धोशा लावला आणि जेवण निम्म्यावर आणले. तिला कॅन्सर नव्हता आणि आजही नाही. तिच्यासारख्यांना आज आजार नसतो, पण त्यांच्याकडे पुढची पंधरा-वीस वर्षे कोणीतरी लक्ष ठेवावे लागते. अशा माणसांसाठी आपल्या आरोग्यव्यवस्थेत जागाच नाही आणि ती केली पाहिजे, हे मला या लेखात मांडायचे आहे.

आधी त्या ओळीचा अर्थ पाहू. हाडांच्या आतल्या मज्जेत प्लाझ्मा पेशी असतात आणि जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करणे हे त्यांचे काम असते. निरोगी माणसात या पेशींची असंख्य कुळे असतात आणि प्रत्येक कूळ स्वतःचे वेगळे प्रतिपिंड बनवते. ‘सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस’ या तपासणीत रक्तद्रवातील प्रथिने विजेच्या प्रवाहात आपापल्या विद्युतभारानुसार वेगळी पांगतात आणि त्यांचा एक आलेख मिळतो. या आलेखात एका टोकाला अल्ब्युमिनचा उंच कळस असतो, मधे लहानमोठे उंचवटे असतात आणि दुसऱ्या टोकाला, जिथे प्रतिपिंडे असतात तिथे, एक रुंद, बुटकी, उतरत जाणारी टेकडी असते. टेकडी रुंद असते कारण तिथे असंख्य कुळांची असंख्य प्रतिपिंडे शेजारी शेजारी मांडलेली असतात. मात्र एकाच पेशीचे वंशज वाढत जाऊन एकाच साच्याचे प्रतिपिंड भरमसाट बनवू लागले, तर त्या टेकडीवर एक अरुंद, टोकदार सुळका उगवतो. हाच तो ‘एम बँड’. आत्याच्या कागदावरचा सुळका करंगळीच्या नखाएवढा होता. तिने तो आमच्याकडून बोट धरून दाखवून घेतला होता आणि नंतर कितीतरी दिवस ती तो कागद उशाखाली ठेवून झोपत होती.

या अवस्थेला डॉक्टर मंडळी ‘एमगस’ म्हणतात. हे ज्या लांबलचक इंग्रजी नावाचे लघुरूप आहे, त्याचा मराठीत आशय ‘एकाच कुळाच्या प्रतिपिंडाची अर्थ न ठरलेली वाढ’ असा होतो. हे नाव मुद्दाम असे ठेवलेले आहे. त्याआधी स्वीडनचे यान वाल्डेनस्ट्रॉम आणि इतर डॉक्टर या अवस्थेला ‘सौम्य’ किंवा ‘निरुपद्रवी’ म्हणत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रॉबर्ट काइल यांनी अशा २४१ रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांतल्या काहींना पुढे मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर झालेला दिसला. म्हणून १९७८ मध्ये त्यांनी ‘निरुपद्रवी’ हा शब्द काढून टाकला आणि ‘अर्थ न ठरलेली’ असा प्रामाणिक शब्द वापरला. आज आपण रुग्णाशी बोलताना तो प्रामाणिकपणा गमावतो. एक डॉक्टर ‘कॅन्सरची पायरी’ म्हणतो, दुसरा ‘काही नाही, घरी जा’ म्हणतो, आणि दोघांनाही ‘आज काही नाही, पण पाहत राहू’ हे वाक्य सुचत नाही.

आकडे पाहिले की ते वाक्य किती योग्य आहे हे कळते. काइल यांच्याच चमूने मिनेसोटातील ओल्मस्टेड काउंटीत पन्नाशीच्या पुढच्या २१,४६३ लोकांचे रक्त तपासले, त्यांत ३.२ टक्के लोकांत हा सुळका आढळला आणि सत्तरीच्या पुढे हे प्रमाण ५.३ टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नाही. त्यातून मायलोमा किंवा त्याच्या जवळपासच्या आजाराकडे जाणाऱ्यांचे प्रमाण दरवर्षी शंभरात एक एवढे. ज्या १,३८४ रुग्णांवर त्यांनी दशकानुदशके लक्ष ठेवले, त्यांतल्या १४७ जणांना, म्हणजे ११ टक्क्यांना, असा आजार झाला. बाकीचे बहुतेक म्हातारपणाने, हृदयविकाराने किंवा दुसऱ्याच कशाने तरी गेले. दरवर्षी एक टक्का हा धोका घाबरून वाटण्या करण्याइतका मोठा नाही. पण दहा-वीस वर्षे उलटली तरी तो संपत नाही, आणि म्हणून विसरून जावे इतका लहानही तो नाही. हे आकडे तिथल्या, बहुतांशी गौरवर्णीय लोकांचे आहेत. आपल्याकडे मायलोमा तुलनेने कमी वयात गाठतो असा आपल्या डॉक्टरांचा अनुभव आहे, तेव्हा ते आकडे जसेच्या तसे कोल्हापूरला लावू नयेत हेही खरे.

सगळ्यांचा धोका सारखाही नसतो. सुळक्याचे प्रमाण डेसिलिटरला दीड ग्रॅमपेक्षा कमी असेल, प्रतिपिंड ‘आयजीजी’ जातीचे असेल आणि ‘फ्री लाइट चेन’ या, रक्तात सुटे फिरणारे प्रतिपिंडांचे हलके तुकडे मोजणाऱ्या तपासणीतले गुणोत्तर ठीक असेल, तर वीस वर्षांत आजार होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास राहते. तिन्ही गोष्टी उलट असतील तर ती ५८ टक्क्यांपर्यंत जाते. त्यापुढची पायरी ‘स्मोल्डरिंग’ म्हणजे धुमसता मायलोमा. गुऱ्हाळघर पाहिलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रात्री चुलवाण विझलेले दिसते, वर राख असते, आत धग असते, आणि पहाटे चिपाडे टाकली की जाळ होतो. मज्जेत प्लाझ्मा पेशी दहा टक्क्यांवर गेलेल्या असतात किंवा सुळका तीन ग्रॅमच्या वर असतो, पण हाड मोडलेले नसते, किडनी बिघडलेली नसते, रक्त कमी झालेले नसते. इथे पहिली पाच वर्षे दरवर्षी शंभरातले सुमारे दहा जण कॅन्सरकडे सरकतात, पुढची पाच वर्षे तीन, आणि त्यानंतर हा वेग मंदावून एक-दोनावर येतो. एकाच नावाखाली बसलेल्या दोन माणसांत इतका फरक असू शकतो, आणि तो कागदावर लिहून मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

घाबरवले गेलेल्या आत्याबद्दल मी सांगितले. दुसऱ्या टोकाचा माणूस आमच्याच गल्लीत होता. उद्यमनगरात फाउंड्रीत हयात घालवून निवृत्त झालेले हे काका दोन वर्षे पाठदुखीने हैराण होते. ‘मणक्यात गॅप आहे’ असे सांगून त्यांना पट्टा दिला गेला आणि वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या. मायलोमात आधीच ताणलेल्या किडनीला याच गोळ्या आणखी खाली ओढतात. पुढे एमआरआयमध्ये मणका खाल्ल्यासारखा दिसला, तेव्हा मणक्याचा क्षय धरून औषधे चालू झाली. आपल्याकडे क्षय इतका आहे की डॉक्टरांचे लक्ष आधी तिकडे जावे हे समजण्यासारखे आहे. औषधांनी उलट्या होतात असे वाटत असतानाच किडनी बसत चालली होती, आणि डायलिसिसच्या खुर्चीवर बसल्यावर कोणीतरी इलेक्ट्रोफोरेसिस करायला सांगितले. त्या रात्री त्यांच्या सुनेने साडीच्या दुकानाच्या पिशवीतून सगळे जुने रिपोर्ट काढले आणि आम्ही ते फरशीवर तारखेप्रमाणे मांडले. चार वर्षांपूर्वीच्या वार्षिक तपासणीत एकूण प्रथिने ९.१, अल्ब्युमिन ३.७. म्हणजे ग्लोब्युलिन, ज्या प्रथिनांत प्रतिपिंडेही येतात, ५.४, जे साधारण साडेतीनच्या आत असायला हवे. प्रयोगशाळेने तो आकडा ठळक छापला होता आणि त्याच्याच शेजारी कोणीतरी बॉलपेनने बरोबरची खूण केली होती. पुढच्या वर्षी एकूण प्रथिने ९.६. हिमोग्लोबिन तेरावरून अकरावर, अकरावरून नवावर. ईएसआर, म्हणजे रक्तपेशी खाली बसण्याचा वेग, नव्वद, मग एकशे दहा. चार वर्षे कागद बोलत होता आणि प्रत्येक वर्षी तो पिशवीत परत जात होता.

काकांना त्या पहिल्या कागदाच्या दिवशी नेमके काय होते, एमगस की धुमसता मायलोमा, हे आता कोणीच सांगू शकत नाही. पण मायलोमा अचानक उगवत नाही हे २००९ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवले. ७७,४६९ निरोगी लोकांचे रक्त आधीच साठवून ठेवलेले होते. त्यांतल्या ज्या ७१ जणांना पुढे मायलोमा झाला, त्यांचे जुने नमुने काढून पाहिले, तेव्हा आजारापूर्वीच्या नमुन्यांत जवळपास प्रत्येकात ही पूर्वअवस्था सापडली. आजाराआधी वर्षानुवर्षे खिडकी उघडी असते. त्या खिडकीतून कोणी पाहायचे आणि किती वेळा, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे.

इथे पहिला मोह होतो तो सरसकट तपासणीचा. शहरात चौकाचौकांत ‘फुल बॉडी चेकअप’चे फलक लागले आहेत आणि त्यांत उद्या इलेक्ट्रोफोरेसिस आले तर मला नवल वाटणार नाही. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. सरसकट तपासणी कधी करावी याचे निकष जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये मांडले, आणि त्यांतला एक असा की ज्यांच्यात काही सापडेल त्यांच्यासाठी मान्य उपचार व सोय हाताशी हवी. एमगसला उपचार नाही. त्याला लागतो तो पाठपुरावा, आणि नेमका तोच आपल्याकडे नाही. उपाय नसलेली बातमी घराघरांत पोहोचवली, तर आत्यासारखी हजारो माणसे आपले डाग वाटत बसतील.

आइसलँडने हाच प्रश्न फार गंभीरपणे घेतला. तिथे २०१६ पासून १९७५ पूर्वी किंवा त्या साली जन्मलेल्या प्रत्येक नागरिकाला या तपासणीचे निमंत्रण दिले गेले, ८० हजारांहून जास्त लोकांनी संमती दिली आणि ७५ हजारांवर लोकांचे रक्त तपासले गेले. ज्यांच्यात सुळका सापडला त्यांचे तीन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले गेले, आणि त्यांतल्या एका गटाला निकाल सांगितलाच गेला नाही. त्यांचे आयुष्य पूर्वीसारखेच चालू राहिले. संमती देतानाच लोकांनी हे मान्य केले होते. कळल्याने माणसाचे भले होते की नुसती काळजी वाढते, हे मोजण्याचा दुसरा प्रामाणिक मार्ग नाही. हा अभ्यास मला आवडतो तो त्याच्या आकारापेक्षा या नम्रतेसाठी. पण चार लाखांच्या आतल्या देशाला जे जमते ते, २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार लोकसंख्या असलेल्या आणि चंदगडपासून शाहूवाडीपर्यंत पसरलेल्या आपल्या एका जिल्ह्याने आंधळेपणाने उचलावे, असे मी म्हणणार नाही.

मी मागतो ते त्याहून फार लहान आहे. ग्लोब्युलिनचा आकडा आपल्या लॅबमध्ये रोज कितीतरी लोकांच्या रिपोर्टवर छापला जातो. त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. तो वाढला म्हणजे मायलोमाच, असे मुळीच नाही. यकृताचे आजार, जुनाट संसर्ग, संधिवात यांतही तो वाढतो, पण तेव्हा आलेखावरची टेकडीच फुगते, सुळका उगवत नाही. हा फरक इलेक्ट्रोफोरेसिसने कळतो आणि तो हजार रुपयांच्या आसपास होतो. पन्नाशीच्या पुढच्या माणसाचे ग्लोब्युलिन वाढलेले असेल, किंवा कारण न सापडणारा रक्तक्षय, महिनोन्महिने न हटणारी पाठदुखी, किडनीचे काम मंदावल्याचे दाखवणारे वाढलेले क्रिएटिनिन, फेसाळ लघवी, पायांना मुंग्या यांपैकी काही असेल, तर ही तपासणी व्हावी. काही रुग्णांत सुळका दिसतच नाही, कारण त्यांच्या पेशी प्रतिपिंडाचा फक्त हलका तुकडा बनवतात. तिथे लघवी आणि फ्री लाइट चेन पाहावी लागते, आणि ग्लोब्युलिन ठीक म्हणून संशय सोडता येत नाही. हे ज्ञान तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत, हाडांच्या डॉक्टरांपर्यंत आणि किडनीच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या संघटनांनी वर्षातून एक बैठक यासाठी ठेवली आणि प्रयोगशाळांनी वाढलेल्या ग्लोब्युलिनखाली ‘इलेक्ट्रोफोरेसिसबाबत डॉक्टरांना विचारा’ अशी एक मराठी ओळ छापली, तरी काकांसारखा माणूस चार वर्षे पिशवीत अडकून पडणार नाही.

शेतकऱ्यांबद्दल एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. अमेरिकेत कीटकनाशकांची फवारणी करणाऱ्या पुरुषांत एमगसचे प्रमाण ओल्मस्टेडमधील पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळले होते. असा संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, आणि आपल्या उसाच्या किंवा भाजीच्या फडावर तोच निष्कर्ष मी लादणार नाही. पण हातपंपाने, उघड्या तोंडाने तीस वर्षे फवारणी केलेला माणूस समोर बसला असेल, तर डॉक्टरांनी तेवढा एक प्रश्न विचारायला हरकत काय?

आता उपचार लवकर सुरू करण्याचा मुद्दा. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने निकष बदलले: मज्जेत साठ टक्के किंवा जास्त प्लाझ्मा पेशी असतील, फ्री लाइट चेनचे गुणोत्तर शंभरावर असेल, किंवा एमआरआयमध्ये एकाहून जास्त जागी गाठी दिसत असतील, तर हाड मोडण्याची वाट न पाहता त्याला मायलोमा म्हणायचे आणि औषध द्यायचे. हा बदल शहाणपणाचा होता. त्यानंतर जास्त धोक्याच्या धुमसत्या अवस्थेतील ३९० रुग्णांवर डॅराट्युमुमॅब या मायलोमावरच्या औषधाची चाचणी झाली. पाच वर्षांनी औषध घेतलेल्यांत ६३.१ टक्के लोक आजार न वाढता जिवंत होते, आणि नुसते लक्ष ठेवलेल्यांत ४०.८ टक्के. फरक मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण त्याच आकड्यात हेही आहे की काहीही औषध न घेता पाच वर्षे ठीक राहिलेले लोक शंभरात चाळीस होते. महागडे इंजेक्शन तीन वर्षे घ्यायचे की नाही, हा निर्णय त्या माणसाचा धोका नीट मोजून, त्याच्याशी बोलून घ्यायचा आहे. ज्या जिल्ह्यात काकांसारखे रुग्ण डायलिसिसला बसल्यावर ओळखले जातात, तिथे पहिला पैसा आणि पहिले लक्ष त्या उशिराच्या निदानाकडे गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

राहिला तो पाठपुरावा. आपल्या योजनांचा सगळा भर दाखल होण्यावर आणि उपचारांवर आहे. आजार झाला की महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा अर्ज भरता येतो. आजार होऊ नये म्हणून, किंवा झालाच तर वेळेवर कळावा म्हणून, वर्षाला एक रक्ततपासणी करून घेणाऱ्या बाईला मात्र खिशातूनच पैसे घालावे लागतात. ऊसतोडणीच्या दिवसांत ती तारीख विसरते, मुलगा पुण्याला असतो, फाइल हरवते. क्षयरोगाच्या कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाची नोंद ‘निक्षय’ या सरकारी ऑनलाइन नोंदणीत होते आणि गोळ्या चुकल्या तर आरोग्यसेवक दारात येतो. एमगससाठी इतके नको. पण जिल्हा पातळीवर एक साधी नोंदवही, सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षाने एक फोन, आणि मराठीत छापलेले एक कार्ड, एवढे आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जोरावर होण्यासारखे आहे. कमी धोक्याच्या रुग्णांना तर दोन-तीन वर्षांतून एकदा बोलावले तरी पुरते. ती नोंदवही दहा वर्षे चालली, तर मिनेसोटाच्या आकड्यांऐवजी आपल्याकडे आपलेच आकडे असतील.

आत्याला दुसऱ्या डॉक्टरांनी पाच-सात मिनिटे दिली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, “आज्जी, तुम्हाला कॅन्सर नाही. रक्तात एक गोष्ट थोडी वाढली आहे. तुमच्यासारख्या शंभर माणसांतल्या नव्याण्णवांना पुढच्या वर्षभरात काहीही होत नाही. ज्या एकाला होतं, त्याला आपण लवकर धरणार. म्हणून वर्षातून एकदा यायचं. पाठ फार दुखली, लघवीला फेस आला, दम लागला, तर त्याआधीच यायचं. कंबरदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनानं घ्यायच्या नाहीत.” मग त्यांनी एका कार्डावर सुळक्याचा आकडा ०.८, आजची तारीख आणि पुढची तारीख लिहिली. आत्याने कार्ड दोनदा उलटेपालटे करून पाहिले, कमरेच्या पिशवीत ठेवले आणि म्हणाली, “मग सुगी झाली की येतो.”